विश्लेषण: ट्रॅकवर ब्रेक पॅड इतक्या लवकर का संपतात? भोकांच्या डिस्कने फायदा होतो की तोटा?

रोज ऑफिसला नेणाऱ्या कारचे पुढचे ब्रेक पॅड कित्येक हजार किलोमीटर टिकतात. सर्व्हिस सेंटरवाला दरवेळी ‘अजून आहेत, पुढच्या सर्व्हिसला बघू’ असं सांगतो. तीच कार ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर किंवा चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेसाठी नेली, तर नवे कोरे पॅड एक-दोन दिवसांत संपण्याच्या बेताला येऊ शकतात. बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे. म्हणजे २० फेऱ्या मारल्या तरी अंतर होतं जेमतेम १०० किलोमीटर, पुणे ते लोणावळा जाऊन यायला लागतं त्याहूनही कमी.

पॅड संपले की बहुतेकजण दोन गोष्टी करतात. महागडे पॅड घेतात आणि सोबत भोकं पाडलेली, खाचा मारलेली देखणी डिस्क बसवतात. भोकांमुळे डिस्क थंड राहील आणि पॅड जास्त टिकतील, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात अनेकदा उलटं घडतं. पॅड आणखी लवकर झिजतात आणि काही सेशननंतर भोकांच्या कडेने डिस्कला तडे दिसू लागतात. असं का होतं? डिस्कच्या रचनेचा पॅडच्या झिजेशी नेमका काय संबंध आहे?

थोडक्यात

• ट्रॅकवर पॅडचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे उष्णता. घर्षण रस्त्यावरही असतं, पण एवढी उष्णता नसते.
• पॅड वाचवायचे असतील तर डिस्कचं वजन आणि आतून वाहणारी हवा या दोन गोष्टी सर्वात महत्त्वाच्या.
• भोकं आणि खाचा ब्रेकचा ‘फील’ सुधारू शकतात, पण त्याची किंमत सहसा पॅडच मोजतो.
• पॅड तिरका झिजत असेल तर दोष पॅडचाच असेल असं नाही. डिस्क तापून वाकत असण्याची शक्यता असते.

ट्रॅकवर वेगळं काय घडतं?

ब्रेक मारला की गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा चौपट होते.

उदाहरणासाठी चालकासह १२०० किलो वजनाची एक हॅचबॅक घेऊ. शहरात ताशी ८० किलोमीटरवरून ती पूर्ण थांबवली, तर सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. ट्रॅकवर हीच कार सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १६० वरून ६० वर आणली, तर हा आकडा १० लाख ज्यूलच्या पुढे जातो. गाडी थांबलेलीही नसते, पण ब्रेकवर तिप्पटीहून जास्त भार पडलेला असतो.

शहरात असा जोरदार ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर तो एका फेरीत अनेकदा लागतो. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणामध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला वेग एकदम खाली आणावा लागतो. छोट्या ट्रॅकवर वेग इतका वाढत नाही. तिथे वळणं जवळजवळ असल्यामुळे ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही. पहिल्या ब्रेकिंगची उष्णता पूर्ण निघून जाण्याआधी दुसरं ब्रेकिंग येतं. असं करत करत बिडाच्या डिस्कचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाणं ट्रॅकवर नवलाचं नाही.

पॅड झिजतो म्हणजे नेमकं काय होतं?

पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटवलेला घर्षणाचा थर. त्यात धातूचे तंतू, ग्रॅफाइट, कठीण कण असं बरंच काही असतं. हे सगळं एकत्र धरून ठेवणारा पदार्थ बहुतेक पॅडमध्ये फिनॉलिक रेझिन असतो. साध्या भाषेत, तो पॅडमधला गोंद.

रस्त्यावर डिस्क फारशी तापत नाही. तेव्हा झीज हळूहळू, घासून होते. तापमान साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे गेलं की रस्त्यासाठी बनवलेल्या पॅडमधला हा गोंद जळू लागतो. कण सुटतात, पॅडचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि झीज झपाट्याने वाढते. म्हणजे तापमान आणि झीज यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. एका टप्प्यानंतर तो एकदम उभा होतो.

ट्रॅकसाठीच्या पॅडमध्ये हा टप्पा खूप पुढे ढकललेला असतो, म्हणून ते जास्त तापमान सोसतात. थंड असताना मात्र त्यांची पकड कमी असते, ते आवाज करतात आणि डिस्कही जास्त खातात. रोजच्या वापराला ते सोयीचे नाहीत ते यामुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नीट बसवलेला पॅड डिस्कवर स्वतःचा एक अतिशय पातळ थर सोडतो आणि नंतरचं बरंचसं घर्षण पॅड आणि हा थर यांच्यात होतं. हा थर एकसारखा असेल तर पॅड सावकाश झिजतो. कुठे जाड, कुठे पातळ झाला तर ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये याला ‘डिस्क बेंड झाली’ म्हणतात. कित्येकदा डिस्क सरळच असते, तिच्यावर पॅडचे डाग पडलेले असतात.

डिस्कचं वजन का महत्त्वाचं?

ब्रेकिंगची बहुतांश उष्णता पॅडमध्ये न जाता डिस्कमध्ये जाते, कारण बीड उष्णता पटकन ओढून घेतं. म्हणून डिस्ककडे आधी उष्णतेची टाकी म्हणून बघायला हवं. टाकी मोठी असेल, तर तेवढ्याच उष्णतेने तापमान कमी चढतं.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १० लाख ज्यूलपैकी सुमारे ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असं धरलं, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला साडेतीन लाख ज्यूल येतात. डिस्क ६ किलोची असेल, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तिचं सरासरी तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास वाढतं. डिस्क ८ किलोची असेल, तर वाढ नव्वदच्या थोडी पुढे थांबते. (हवेचा रोध, इंजिन ब्रेकिंग आणि मधल्या काळातलं थंड होणं इथे धरलेलं नाही.)

प्रत्येक ब्रेकिंगमागे तीसेक अंशांचा हा फरक पॅडच्या दृष्टीने मोठा आहे. आधीच तापलेला पॅड गोंद जळण्याच्या टप्प्याच्या अलीकडे राहणार की पलीकडे जाणार, हे अशा फरकावर ठरतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोठ्या व्यासाची डिस्क लावली की पॅडवरचं काम कमी होतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. मोठ्या डिस्कमुळे तेवढ्याच ब्रेकिंगसाठी पॅड कमी जोराने दाबावा लागतो हे खरं. पण डिस्कची कड जास्त वेगाने पळते, त्यामुळे पॅडला घासून जायचं अंतर तेवढंच वाढतं. उष्णतेत बदलायची ऊर्जा दोन्हीकडे सारखीच. मोठी डिस्क पॅड वाचवते ती जास्त वजन, जास्त पृष्ठभाग आणि चांगला वारा यांच्यामुळे. मोठी पण पातळ, हलकी डिस्क घेतली, तर हा फायदा बराचसा निघून जातो.

डिस्क झिजून पातळ झाली की टाकीही लहान होते. त्यामुळे जुन्या, कमी जाडीच्या डिस्कवर नवे पॅड टाकले, तर ते आधीच्या पॅडपेक्षा लवकर संपू शकतात. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. लेथवर घासून घेताना तो आकडा बघितलाच पाहिजे.

आतली पाती काय काम करतात?

वजनाने एका ब्रेकिंगपुरतं तापमान आवरतं. फेरीमागून फेरी मारताना मात्र साठलेली उष्णता बाहेर टाकावी लागते. त्यासाठी बहुतेक कारच्या पुढच्या डिस्क दोन थरांच्या असतात आणि मधल्या पोकळीत पाती असतात. डिस्क फिरली की ती ब्लोअरसारखी चालते. हबच्या बाजूने हवा आत घेते आणि कडेने बाहेर फेकते.

पात्यांचे मुख्य प्रकार तीन. सरळ पाती सर्वात स्वस्त आणि डावी-उजवी दोन्हीकडे चालतात. त्यांच्याऐवजी छोटे खांब असले की हवा घुसळली जाते आणि उष्णता जास्त ठिकाणांहून निघते. तिसरा प्रकार वक्र पात्यांचा. योग्य दिशेने फिरताना ही पाती जास्त हवा ओढतात, म्हणून ट्रॅकच्या डिस्कमध्ये ती जास्त दिसतात.

वक्र पात्यांची डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते, आणि बसवताना नेमकी इथेच गफलत होते. पुढच्या दिशेने फिरताना पात्यांची बाहेरची टोकं मागे झुकलेली दिसली पाहिजेत. वरच्या खाचांची दिशा बघून डिस्क बसवू नये, कारण खाचा कोणत्या दिशेला असाव्यात हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. हवा ओढायचं काम पात्यांचं आहे. त्यामुळे कडेच्या फटीतून आत डोकावून पात्यांची दिशा बघणं हाच खात्रीचा मार्ग.

पात्यांना हवाच मिळाली नाही, तर त्यांचा उपयोग नाही. डिस्कच्या आतल्या बाजूला पत्र्याचं कव्हर असतं. ते चिखलापासून वाचवतं, पण वाराही अडवतं. म्हणून ट्रॅकच्या गाड्यांमध्ये पुढच्या बंपरपासून हबपर्यंत पाइप टाकून हवा थेट डिस्कच्या मध्यभागी सोडतात. डिस्क न बदलता पॅडचं आयुष्य वाढवायचा हा सर्वात परिणामकारक उपायांपैकी एक आहे.

मग भोकं कशासाठी?

भोकांची डिस्क प्रसिद्ध केली ती रेसिंगनेच. पोर्शेच्या ९१७ या रेसकारवर अशा डिस्क वापरल्या गेल्या. त्या काळातले पॅड खूप तापले की त्यांच्यातून वायू सुटायचा आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा थर तयार व्हायचा. त्या वायूला बाहेर पडायला भोकांतून वाट मिळायची. शिवाय वजन कमी व्हायचं.

पुढे पॅडची रसायनं बदलली. आजच्या चांगल्या पॅडमधून असा वायू फारसा सुटत नाही. भोकांचे काही फायदे मात्र अजूनही आहेत. पावसात पाण्याचा थर पटकन निघून जातो, ब्रेकची सुरुवातीची पकड तीक्ष्ण वाटते आणि डिस्क थोडी हलकी होते.

तोटे ट्रॅकवर दिसतात. पहिला तोटा म्हणजे भोकं पाडली की डिस्कचं वजन घटतं, म्हणजे उष्णतेची टाकी लहान होते. दुसरा, प्रत्येक भोकाची कड पॅडवरून किसणीसारखी फिरते. गाजर किसताना जे होतं तेच इथे पॅडचं होतं, फक्त हळूहळू. तिसरा तोटा सर्वात गंभीर आहे. डिस्क वारंवार तापते आणि थंड होते तेव्हा भोकांच्या कडांवर ताण एकवटतो आणि तिथून तडे सुरू होतात. एका भोकाचा तडा शेजारच्या भोकाला मिळाला, तर ती डिस्क त्या क्षणी काढायला हवी.

कंपनीने गाडीसाठी खास विकसित केलेली भोकांची डिस्क आणि साध्या डिस्कला बाहेरून ड्रिल मारून केलेली डिस्क यांच्यातही फरक आहे. पहिल्या प्रकारात भोकांच्या जागा आतल्या पात्यांचा विचार करून ठरवलेल्या असतात आणि कडांना उतार दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात ड्रिल कधी थेट पात्यावरच येतं. दिसायला दोन्ही सारख्याच.

पण बाईकच्या डिस्कला तर भोकं असतात!

असतात, आणि तिथे ती योग्यही आहेत. बाईकची डिस्क साधारणपणे स्टेनलेस स्टीलची, पातळ आणि एकाच थराची असते. ती उघड्यावर असल्यामुळे वारा थेट लागतो, तसंच पाणी आणि चिखलही थेट उडतो. भोकं पाणी झटकतात आणि वजन कमी करतात. बाईक कारपेक्षा कितीतरी हलकी असल्याने एका डिस्कवर येणारी उष्णताही कमी असते.

इंजिनीअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमबद्दलही हेच म्हणता येतं. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होत आलेल्या ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांत विद्यार्थ्यांच्या गाड्या हलक्या असतात. त्यांच्या डिस्कवर भोकं दिसतात कारण तिथे एकेक ग्रॅम वाचवायचा असतो. पण ते गणित १२०० किलोच्या कारला जसंच्या तसं लावता येत नाही.

आणि फॉर्म्युला वनच्या डिस्कला?

त्या डिस्कच्या फोटोंत शेकडो छोटी भोकं दिसतात, पण ती डिस्कच्या कडेवर असतात. जिथे पॅड घासतो त्या पृष्ठभागावर नसतात. हवेने थंड करण्यासाठी केलेले ते बोगदे आहेत, म्हणजे काम वर सांगितलेल्या पात्यांचंच. शिवाय फॉर्म्युला वनमध्ये डिस्क आणि पॅड दोन्ही कार्बनचे असतात. ते शेकडो अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत आणि जोरदार ब्रेकिंगमध्ये १००० अंशांच्या आसपास जातात. त्यांच्याकडे बघून बिडाच्या डिस्कबद्दल निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल.

महागड्या सुपरकारमध्ये मिळणारी कार्बन-सिरॅमिक डिस्क ही आणखी वेगळी गोष्ट. ती हलकी आणि कठीण असते, रस्त्यावर खूप टिकते. पण ट्रॅकवर सतत अतिउच्च तापमानाला तिच्यातला कार्बन हळूहळू जळतो आणि ती बदलण्याचा खर्च प्रचंड असतो. म्हणून अशा गाड्यांचे काही मालक ट्रॅकसाठी मुद्दाम बिडाची डिस्क बसवतात.

खाचांची डिस्क भोकांपेक्षा बरी का?

ट्रॅकवर वापरायच्या बिडाच्या डिस्कसाठी, हो. खाच आरपार नसते, त्यामुळे वजन फारसं घटत नाही आणि तड्यांचा धोकाही कमी असतो. ती पॅडचा वरचा, तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला थर खरवडून काढते, धूळ बाहेर टाकते आणि पॅडचा ताजा पृष्ठभाग पुढे आणते. त्यामुळे पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत ब्रेक बऱ्यापैकी एकसारखा लागतो.

खरवडून काढलेला हा थर पॅडमधूनच जातो. त्यामुळे बाकी सगळं सारखं असेल, तर खाचांच्या डिस्कवर पॅड साध्या डिस्कपेक्षा लवकर झिजतो. खाचा जितक्या जास्त, लांब आणि धारदार, तितकी झीज जास्त. काही कंपन्या सरळ खाचांऐवजी आकड्यासारख्या छोट्या वक्र खाचा देतात. त्यात पकड आणखी तीक्ष्ण मिळते, पण पॅडचा हिशेब तोच राहतो.

म्हणून निवड वापरावर ठरते. १५-२० मिनिटांच्या सेशनमध्ये पॅड किती झिजला यापेक्षा ब्रेक शेवटपर्यंत सारखा लागला की नाही हे महत्त्वाचं असेल, तर खाचा चालतील. कमी खर्चात जास्त ट्रॅक डे करायचे असतील, तर साधी, जड आणि चांगल्या पात्यांची डिस्क परवडते. यात एक अपवादही ध्यानात ठेवावा. जड, हवेशीर अशी खाचांची डिस्क आणि हलकी, तापट अशी साधी डिस्क यांची तुलना केली, तर पहिलीवर पॅड जास्त टिकू शकतात. कारण खरवडण्यामुळे होणाऱ्या झिजेपेक्षा उष्णतेमुळे होणारी झीज कितीतरी मोठी असते.

पॅड तिरका का झिजतो?

काढलेला पॅड हातात घेऊन कडेने बघा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसला, तर अर्धा पॅड वाया गेला असं समजा, कारण पातळ बाजू संपली की पॅड बदलावाच लागतो.

इथे डिस्कच्या रचनेचा थेट संबंध येतो. साधी डिस्क एकाच ओतकामाची असते. घासली जाणारी कडी आणि हबवर बसणारी मधली टोपी एकसंध असते. कडी ५०० अंशांवर गेली की ती फुगू पाहते. टोपी त्यामानाने थंड असते आणि कडीला एकाच बाजूने धरून ठेवते. परिणामी कडी सपाट न राहता किंचित बशीसारखी वाकते. थंड झाली की पुन्हा सरळ होते, त्यामुळे गॅरेजमध्ये मोजल्यावर काहीच सापडत नाही. वाकलेल्या अवस्थेत मात्र पॅडचा एकच भाग जास्त दाबला जातो. त्या भागावर तापमान चढतं आणि पॅड तिरका झिजतो.

यावरचा उपाय म्हणजे दोन भागांची, ‘फ्लोटिंग’ डिस्क. कडी बिडाची आणि टोपी बहुधा ॲल्युमिनियमची असते. दोघांना जोडणाऱ्या छोट्या बटणांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असते. कडी फुगली तरी सगळीकडून सारखी फुगते आणि सपाट राहते. वजनही वाचतं, तेही जिथे उष्णता साठवायची नाही त्या टोपीतून. शिवाय झिजल्यावर फक्त कडी बदलता येते. अशी डिस्क महाग असते, थोडा खडखडाट करते आणि धुळीत तिची बटणं तपासत राहावं लागतं.

तिरक्या झिजेची कारणं डिस्कबाहेरही असू शकतात. कशी झीज काय सांगते, ते असं:

• डिस्कच्या बाहेरच्या कडेकडे पॅड जास्त झिजला: तापल्यावर कॅलिपर फाकतोय किंवा डिस्क वाकतेय. बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त वेगाने घासते, त्यामुळे थोडा फरक राहणारच.
• डिस्क ज्या टोकाने पॅडखाली शिरते ते टोक जास्त झिजलं: लांब पॅडमध्ये हे होतं. म्हणूनच रेसिंग कॅलिपरमध्ये त्या बाजूचे पिस्टन लहान ठेवतात.
• आतला आणि बाहेरचा पॅड यांच्या जाडीत मोठा फरक: सरकत्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्यात. पिना साफ करून योग्य ग्रीस लावल्यावर हा त्रास सहसा जातो.

नुसत्या पॅडपुरताच प्रश्न आहे का?

नाही. पॅड पातळ झाला की डिस्कची उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ठरावीक प्रमाणात ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षं जुनं ऑइल आणि अर्धे झिजलेले पॅड घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणूनच धोक्याचं.

पैसे आधी कशावर खर्च करावेत?

पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी डिस्क हा यादीतला पहिला खर्च नाही. वर दिलेल्या कारणांवरून क्रम असा लागतो:

१. ताजं, जास्त उत्कलनबिंदूचं ब्रेक ऑइल. सर्वात स्वस्त आणि सर्वात आवश्यक.
२. ट्रॅकसाठीचे पॅड, आणि त्यांचं नीट ‘बेडिंग’. म्हणजे वेग हळूहळू वाढवत मध्यम जोराचे अनेक ब्रेक मारून डिस्कवर एकसारखा थर बसवणं आणि नंतर थंड होऊ देणं.
३. डिस्कपर्यंत हवा नेणारी वाट.
४. झिजलेली डिस्क बदलून पूर्ण जाडीची, चांगल्या पात्यांची साधी डिस्क.
५. इतकं करूनही तापमान आवरत नसेल, तर मोठी किंवा दोन भागांची डिस्क, तीही त्या गाडीच्या कॅलिपरशी जुळणारी. पॅडचा काही भाग डिस्कच्या बाहेर राहिला, तर तो भाग झिजतच नाही आणि त्याचा ओठासारखा काठ तयार होतो.

चालवण्याच्या सवयीही पॅड वाचवतात. लांबून हलका ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ ठाम ब्रेक मारून सोडला, तर डिस्कला वारा खायला जास्त वेळ मिळतो. शेवटची फेरी ब्रेक कमीत कमी वापरून मारावी. पिटमध्ये आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये आणि हँडब्रेकही ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी. मागचे पॅड अनपेक्षितपणे झिजत असतील, तर स्टॅबिलिटी कंट्रोलकडे बघा. ही यंत्रणा गाडी सावरताना एकेका चाकाचा ब्रेक परस्पर लावते.

रस्त्यावरच्या चालकांनाही यातून एक गोष्ट घेता येईल. बोरघाट किंवा आंबोली उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर वेग कमी असूनही डिस्क तापत राहते, कारण तिला थंड व्हायची संधीच मिळत नाही. तिथे देखण्या डिस्कपेक्षा खालचा गिअर कामाचा.

पुढच्या सेशनला पॅड पुरेल का, हे कसं ओळखायचं?

अंदाजावर न जाता मोजा. प्रत्येक सेशनच्या आधी आणि नंतर, ब्रेक थंड झाल्यावर, पॅडच्या घर्षणाच्या थराची जाडी मोजून मोबाइलमध्ये नोंदवा. चारही चाकांची, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पॅडची.

समजा नव्या पॅडचा थर ११ मिलिमीटर होता आणि २० फेऱ्यांनंतर ८ मिलिमीटर उरला. म्हणजे फेरीमागे ०.१५ मिलिमीटर झीज. ट्रॅकवर ३ मिलिमीटरच्या खाली जायचं नाही असं ठरवलं, तर ५ मिलिमीटर शिल्लक आहे, म्हणजे सुमारे ३३ फेऱ्या. पण पॅड पातळ होत गेला की उष्णता वाढते आणि झीजही वाढते. त्यामुळे हिशेब २५ फेऱ्यांचाच धरावा आणि पॅडचा दुसरा सेट डिकीत असू द्यावा.

डिस्क बदलल्यावर हीच नोंद पुढे चालू ठेवा. फेरीमागची झीज ०.१५ वरून खाली आली तर खर्च कामी आला. वर गेली, तर नवी डिस्क दिसायला कितीही छान असली तरी पॅडला ती मानवलेली नाही.